रोशनीनं भरवलेला घास

जिचा अपमान झाला तिचं नाव रोशनी. वय चार वर्षं. माझ्या भावाची मुलगी, माझी भाची. कधी झाला, तेही लिहून ठेवते. गेल्या डिसेंबरात, मुंबईहून सुटलेल्या जहाजावर, दुसऱ्या संध्याकाळी, जेवणाच्या टेबलावर. करणारी बाई यवतमाळची. पाहणारेही बहुतेक आपल्याच जिल्ह्यातले.

ती बाई आपल्या मुलाच्या तोंडात बोट घालून घास बाहेर काढत होती.

"थूक. थूक म्हणते ना मी तुले. थूक आधी!"

पोरगा पाच वर्षांचा. त्याला काही कळेना. घास चांगला होता, तो हसत चावत होता. तिनं त्याचा गाल दाबला, तोंड उघडलं, बोट फिरवलं, भात काढला, पांढऱ्या रुमालात गुंडाळला आणि रुमाल टेबलाखाली टाकला. मग तेच बोट पाण्याच्या ग्लासात बुडवून धुतलं.

तो घास रोशनीनं भरवला होता.

आता पहिल्यापासून सांगते.

दारव्ह्याच्या अलीकडे फाट्यावर माझ्या भावाचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. आमच्या बंजारा तांड्यातल्या माणसानं टाकलेलं पहिलं दुकान. पण माल थेट कंपनीकडून येत नाही, यवतमाळच्या वितरकाकडून येतो. त्याला सगळे भाऊसाहेब म्हणतात. भाऊसाहेबानं माल सोडला तर दुकान उघडं, अडवला तर शटर खाली. एवढं ध्यानात ठेवा.

कंपनीनं टार्गेट दिलं होतं. आजूबाजूच्या तांड्यांनी माझ्या भावाच्या तोंडाकडे पाहून माल नेला, टार्गेट झालं. बक्षीस म्हणून जहाजाची सहल, कुटुंबासकट. आमच्या बापजाद्यांनी लदेणीचे, मिठा-धान्याच्या गोण्या लादलेले बैल हाकत अर्धा मुलूख पालथा घातला, पण जहाजात कोणी पाय ठेवला नव्हता. वहिनीचे दिवस भरत आले होते, म्हणून तिच्या जागी मी गेले. रोशनीला सांभाळायला. एरवी मी चौकात पत्रकं वाटते, मोर्च्यात माईक धरते. निघतानाच भाऊ म्हणाला, "तिथं भाषण ठोकू नको माय. हात जोडतो."

जहाजावर खायला तोटा नाही. खालच्या मजल्यावरचं मोठं जेवणघर सकाळपासून उघडं. घ्या, खा, परत घ्या. वर मात्र वेगळी हॉटेलं असतात. स्पेशालिटी रेस्टॉरंट म्हणतात त्यांना, टेबल आधी राखून ठेवावं लागतं. टार्गेटवाल्यांना कंपनीकडून एक संध्याकाळ तिथली होती. आमच्या वाट्याला जपानी आलं. टेबलाच्या मधोमध तापलेला लोखंडी तवा, भोवती खुर्च्या, आचारी समोर उभा राहून तिथंच करतो आणि तिथंच वाढतो. लहान लेकरांचं ताट फुकट. तसं दारावरच लावलेलं होतं.

तवा एकच. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. एका तव्याभोवती भाऊसाहेब, त्यांची बायको, म्हणजे तीच बाई, त्यांचा मुलगा शौर्य, कंपनीचा साहेब, माझा भाऊ, मी, आणि माझ्या न् शौर्यच्या मधल्या खुर्चीवर रोशनी. पाय लोंबत होते तिचे.

वेटरनं विचारलं, "बच्चों की दो प्लेट?"

मी तोंड उघडायच्या आत बाई बोलली. "नही भैया, एकही लाना. हमारे शौर्य का बच जाता है." मग माझ्याकडे वळून, "एवढीशी ती, किती खाणार आहे? अन्न वाया कशाला घालवायचं, नाही का?"

मी म्हटलं, "तिचं वेगळं येऊ द्या." भावानं टेबलाखालून माझा पाय दाबला. वेटर निघून गेला होता.

आचारी गमत्या होता. उलथणी एकमेकांवर वाजवायचा, अंडं हवेत उडवून उलथण्यावर झेलायचा आणि शिजलेल्या अंड्याचा तुकडा लेकरांच्या तोंडात नेमका फेकायचा. शौर्य आ करायचा, रोशनी आ करायची. एकाचा तुकडा नाकावर बसला की दुसरं खिदळायचं. रोशनी तर हसून हसून खुर्चीवरून घसरली.

शौर्यचं ताट आलं. भात, अंडं, कोंबडीचे तुकडे. त्यानं चार घास खाल्ले, एक तुकडा चावून परत ताटात ठेवला, भातात बोटं फिरवली. बाईनं ते ताट उचललं आणि रोशनीपुढं सरकवलं.

"घे गं. खाऊन घे. तुमच्या तांड्यात कुठं मिळतं असं?"

टेबल हसलं. कंपनीचा साहेबही हसला. माझा भाऊही हसला, जरा उशिरा.

उष्टं. जिथं अन्न संपतच नाही, तिथं उष्टं. गावात कोणी उष्टं देतो तेव्हा त्याच्यापाशी निदान एक बहाणा असतो. उरलं होतं, फेकण्यापरीस बरं. इथं तोही नव्हता. लेकराचं ताट फुकट, तवा तापलेला, आचारी हात बांधून उभा. तरी उष्टं. म्हणजे उष्टं अन्न वाचवायला देतच नाहीत. आपली जागा दाखवायला देतात. इतकी पत्रकं लिहिली मी, हे मला त्या तव्यापाशी कळलं.

रोशनीला ते कळलं नाही. कळणार कसं? आमच्याकडे लेकरं एका थाळीत जेवतात. काकाची, आत्याची, शेजारची. बाटी, म्हणजे आमची भाकरी, मोडायची, आपण खायची, बाजूच्याच्या तोंडात द्यायची. कोणी थाळी पुढं सरकवली म्हणजे तू आमची, एवढंच तिला ठाऊक. तिला वाटलं शौर्यनं आपल्याला थाळीत घेतलं. तिचा चेहरा असा उजळला की तो अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तिनं त्याच ताटातला भात घेतला, खाल्ला. मग दुसरा घास घेतला, बोटांनी नीट दाबला आणि शौर्यपुढं धरला.

"ले भिया. आ कर."

गोरबोलीत भिया म्हणजे भाऊ.

त्यानं आ केला.

पुढचं तुम्ही वाचलंच आहे. थूक म्हणते ना मी तुले. यवतमाळच्या बंगल्यातलं तिचं शुद्ध मराठी त्या एका घासानं कुठल्या कुठं गेलं होतं. बोट धुऊन झाल्यावर ते परत आलं.

"सॉरी हं," ती मला म्हणाली, "पण मुलांना इन्फेक्शन पटकन होतं."

"त्याच्या ताटातलं हिनं खाल्लं. हिला नाही होत?"

"तिला सवय असेल ना."

मी उठले. ते ताट उचललं आणि भाऊसाहेबांपुढं ठेवलं.

"तुमच्या लेकाचं आहे. तुम्ही खा."

भाऊसाहेब हसले. "मी कोणाचं उष्टं खात नाही, पोरी."

"पोटच्या लेकराचंही?"

"कोणाचंच."

"मग माझी भाची काहून खाईल?"

आचाऱ्याची उलथणी थांबली. तव्यावरचा भात करपू लागला, त्याचा वास आला. कंपनीचा साहेब फोन पाहू लागला. भाऊ म्हणाला, "बस खाली. बस म्हणतो ना." मी बसले नाही. वेटरला हाक मारली. "बच्ची की प्लेट. नयी. अभी." त्यानं आणली. त्याच टेबलापाशी, उभ्यानं, रोशनीला कडेवर घेऊन मी भरवायला लागले. तिनं दोनच घास खाल्ले आणि माझ्या कानाशी लागून विचारलं,

"फुफी, भियाले ठसका लागला का? मी मोठा घास देल्ला का?"

तिला वाटलं तिचा घास त्याच्या घशात अडकला, म्हणून त्याच्या आईनं बोट घातलं. तेव्हापासून माझ्या भाचीचा घास लहान झाला आहे. घरी थाळीत बसली की बाटीचा कणभर तुकडा तोडते, फुंकर मारते, बाजूच्या लेकराच्या तोंडापाशी नेते आणि विचारते, "लागनार नाही न?" चार वर्षांची मुलगी. तिला वाटतं तिच्या हातानं माणसं गुदमरतात.

आता मृग तोंडावर आला. दुकानात माल भरायचे दिवस. भाऊसाहेबांचा माल नाही. माल आला नाही, ड्रायव्हर आला.

"भाऊसाहेब म्हनते, मोठ्यांचं मोठे पाहून घेतीन. शौर्यच्या वाढदिवसाले पोरीले घेऊन ये. वहिनीसाहेबांच्या पाया पडून सॉरी म्हनली का मालाची गाडी लागलीच सुटते तुही."

त्या बाईच्या पाया पडून. चार वर्षांच्या पोरीनं. घास भरवल्याबद्दल.

भावानं दारव्ह्याच्या बाजारातून लाल फ्रॉक आणला. झालरीचा. पाया पडायला जायचं तर पोरगी नीट दिसली पाहिजे.

वहिनीला जहाजावरचं काहीच माहीत नव्हतं. भावानं सांगितलं नव्हतं आणि मलाही शपथ घातली होती. बाळंतीण आहे, दूध आटेल म्हणाला. फ्रॉक पाहून मी शपथ मोडली. सगळं सांगितलं. घरात आम्ही गोरबोलीत बोलतो, इथं सगळ्यांना वाचता यावं म्हणून मराठीत लिहिते.

भाऊ माझ्यावर ओरडला. "दुकान जाईन माहं!"

"जाऊ दे."

"तुले बोलाले काय जाते? तू दिवसभर पत्रकं वाटते अन् रातच्याले माह्याच दुकानचं खाते."

हे खरं होतं. लागलं. वहिनी मात्र हटली नाही. मांडीवर लहानगा पीत होता, त्याला तिनं दुसऱ्या बाजूला घेतलं आणि म्हणाली, "माह्या पोरीनं काय चूक केली ते एका वाक्यात सांगा. सांगता आलं तर मी सोता नेईन तिले पाया पडाले."

भाऊ फ्रॉकची घडी घालू लागला.

"फ्रॉक राहू द्या," वहिनी म्हणाली. "चांगला आहे. मेळाव्याले घालू. भाऊसाहेब तिथं आपल्या हातानं वाढते न?"

मी पत्रकं लिहिते, पण हे मला सुचलं नव्हतं. तिला सुचलं.

दरसाल पेरणीच्या तोंडावर भाऊसाहेबांच्या गोदामासमोर शेतकरी मेळावा होतो. गावागावात, तांड्यातांड्यावर जीप येते. मांडव, माईक, कंपनीचा साहेब, मग पंगत. वरण-भात, आलू-वांगं, बुंदी. भाऊसाहेब बुंदीची बादली घेऊन फिरतात, फोटो निघेस्तोवर. अन्नदाता म्हणतात आपल्याला माईकवरून. त्या पंगतीत यंदा रोशनी बसेल. आपल्या ताटात जेवेल. मग त्याच ताटातला घास घेऊन उठेल आणि भाऊसाहेबांपाशी जाईल. शेजारी त्यांची बायको असेलच, ती फोटोत असतेच. माईक मी धरते. धरता येतो मला.

म्हणतील, लेकराला कशाला मधे आणता? लेकराला मधे कोणी आणलं? पाया पडायला कोणाला बोलावलं? म्हणतील, एवढ्याशा घासाचं काय घेऊन बसली. एवढासाच होता ना? मग गिळा. तुमच्या पणज्यांच्या भाजीत मीठ पडत होतं ते आमच्या बैलांच्या पाठीवरून आलेलं. आमच्या हातांनी गोण्या भरल्या, आमच्या हातांनी सोडल्या. तेव्हा कोणी बोट घालून बाहेर काढलं नाही.

शौर्यवर माझा राग नाही. त्या टेबलावर तो एकटाच माणसासारखा वागला. त्यानं आ केला.

मला माफी नको. माफी ओठातून निघते आणि हवेत जाते, भाऊसाहेबांना ती दिवसातून दहादा मागता येईल, माल विकायचा असेल तर. मला तो घास त्यांच्या घशाखाली गेलेला पाहायचा आहे. सगळ्यांसमोर. त्यांच्या बायकोच्या डोळ्यांदेखत. रोशनीच्या हातून. आणि तिनं पाहायचं आहे की तिच्या घासानं कोणी मरत नाही.

परवा ड्रायव्हर परत आला होता. भाऊ दुकानाच्या पायरीवर बसला होता, मागं रॅक रिकामे. मी बाजूला उभी होते. वाटलं, आता हो म्हणेल. तो म्हणाला, "पोरगी मेळाव्याले येईन म्हना. तिथंच भेटू." एवढंच. मग उठून रिकामे रॅक पुसायला लागला.

दुकान कदाचित जाईल. आम्ही तिघं ते धरून चाललो आहोत. आता तुमचं बोला.

तुमच्या गावात, तुमच्या तांड्यावर जीप येईल. बसा. या. पंगतीत बसा, ताट वाढून घ्या, बुंदीही येऊ द्या. पण हात लावू नका. लाल फ्रॉकची मुलगी उठेल, ओळखाल. ती चालत जाईल, भाऊसाहेबांसमोर हात वर करेल. ते तोंड उघडतात का पाहा. उघडलं तर गिळतात का पाहा. ते गिळेस्तोवर एकानंही घास मोडायचा नाही. आणि नाही गिळला, तर भरली ताटं तिथंच ठेवून उठायचं, सगळ्यांनी, आणि त्या गोदामातली बियाण्याची एक पिशवीही यंदा उचलायची नाही. ना दारव्ह्यात, ना कळंबात, ना पांढरकवड्याकडे.

तेव्हा तुमचा हात ताटात असेल की मांडीवर? हे पत्रक खाली ठेवायच्या आधी ठरवा.