राखेचं पोतं

मुकादम हे त्याचं टोपणनाव. हाताखाली माणूस एक नव्हता. होती ती एक हातगाडी, आणि तीही त्याचं ऐकायची नाही, डावं चाक कायम आपल्या मर्जीने वळायचं. कोळशाची वखार बापाकडून आलेली. नखांतला काळा रंग जन्मात निघाला नाही. बोलणं इतकं कमी, की त्याची मोठी बहीण म्हणायची, "याच्यापेक्षा भिंत बरी, निदान घुमते तरी." गल्लीत कुणालाही त्याच्याबद्दल विचारा, एकच सांगतील: ओला कोळसा द्यायचा मेला. सांगू देत. बोलणाऱ्याच्या तोंडाला हात कोण लावणार? पण खरं काय ते ऐका आणि मग ठरवा.

कोरडा कोळसा हा त्या माणसाचा धर्म होता. पोती जमिनीवर कधी टेकू द्यायचा नाही, खाली फळ्या टाकायचा. एखादा खडा दमट वाटला तर शर्टाला पुसून बाजूला ठेवायचा. शर्टाची दशा काय होत असेल ते त्याच्या बहिणीला विचारा. तर अशा माणसाच्या वखारीचं छप्पर एका पावसात फाटलं आणि सगळा माल भिजला. गल्लीने तोंडसुख घ्यायला काही बाकी ठेवलं नाही. कोपऱ्यावरची शिंपीणबाई तर रस्त्यात उभी राहून म्हणाली, "मुकादम, इस्त्रीत हा घालू की धुवून वाळत टाकू?"

एकटी पाववाली तेवढी काही बोलली नाही. ती परगावाहून येऊन इथे एकटीने भट्टी चालवायची. पाव असा, की कधी करपला नाही, कधी कच्चा राहिला नाही. मुकादमाने ओशाळून तिच्या दारात पोतं उतरवलं, म्हणाला, "बाई, भिजलाय." तिने हात झटकले, म्हणाली, "चालेल."

चालेल? ओला कोळसा भट्टीवाल्याला चालतो? रिकामी गाडी ओढत तो घरी आला, पण ताटावर बसला तरी तो शब्द त्याच्या घशाखाली उतरेना. मग एकेक आठवायला लागलं. तिच्या धुराड्यातून धूर निघालेला कधी पाहिला नव्हता. मागच्या अंगणात राखेचा खड्डा होता, त्यात तिने पुदिना लावला होता. हातातला घास त्याने ताटात परत ठेवला.

कारण दिवस वाईट होते. ज्याच्या हातात जादू, त्याला सरकार नदीपलीकडच्या छावणीत नेऊन टाकायचं, आणि तिथून परत आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. त्यांच्याच गल्लीतली परटीण ढगाळ दिवशी कपडे वाळवते म्हणून कुणीतरी चुगली केली. तिला नेलं तेव्हा टेबलावरची इस्त्री अजून गरम होती. गल्ली खिडक्या लावून बसली. मुकादमही बसला. बिचारीने कुणाचं काय वाईट केलं होतं? लोकांचे कपडे वाळवले, एवढंच.

आता पाववालीची चूक पाहा. तिला वाटायचं, दर आठवड्याला कोळसा विकत घेतला की झालं, लोकांच्या डोळ्यांत धूळ. पण कोळसा घेणारा माणूस कोळशावरून कटकट करतो, त्याच्याकडे राख साठते, हे तिला कुठून माहीत असणार? तिने हात ठेवला की भट्टी तापायची. जन्मात विस्तव पेटवला नव्हता बाईने.

दुसऱ्या सकाळी मुकादमाने घरोघरच्या चुलींची राख मागायला सुरुवात केली. बहिणीने कपाळावर हात मारला. "अरे, माणसं बाईला फुलं नेऊन देतात."

"तिला फुलं नकोत."

"मग काय हवंय?"

"राख."

"धन्य आहेस बाबा," ती म्हणाली. पण थोडा विचार करून तिने आपल्या चुलीतलीही राख पोत्यात ओतली, आणि पुढे एक अक्षर विचारलं नाही. ती बाईही काही कमी नव्हती.

पाववालीने मागचं दार उघडलं तर हा पोतं घेऊन उभा.

"हे काय?"

"राख."

"मला कशाला?"

"भट्टीवालीकडे राख नसली की लोक विचारतात. पुदिना उपटून टाका."

ती पायरीवर बसली. पोत्याचं तोंड उघडून आत पाहिलं. मग हळूच म्हणाली, "तुम्ही सांगणार का कुणाला?"

"मला बोलता येत असतं," मुकादम म्हणाला, "तर आत्तापर्यंत लग्न झालं असतं माझं."

घाबरलेली असूनही तिला हसू आलं, आणि आपला मुकादम तिथेच कामातून गेला.

मग दर आठवड्याला पुढच्या दाराने कोळसा यायचा आणि मागच्या दाराने राख. तो तिला विस्तव पेटवायला शिकवायला लागला. खाली ढलप्या, वर काटक्या, त्यावर कोळसा, मध्ये जागा. ती भट्टी ठासून भरायची आणि विस्तव गुदमरून मरायचा. "अहो, त्याला श्वास घेऊ द्या," तो म्हणायचा. ती चिडायची, तोंडाला काजळी लागायची, आणि तो खोकल्याच्या निमित्ताने तोंड फिरवून हसायचा. शिकली हळूहळू. पण एक खोड जाईना. ती घाबरली की तळहात तापायचे आणि कोळसा काडी लावायच्या आधीच लाल व्हायचा.

आणि नेमकी तीच परीक्षा आली. तपासनीस गावातल्या भट्ट्या तपासत निघाले होते. भट्टी थंड करायला लावायची, कोळसा त्यांच्यासमोर नेहमीच्या वखारीतून मागवायचा, आणि मालकाने तो हाताने रचून पेटवून दाखवायचा. शेजारच्या गल्लीत झालं, आता इथे, हे सगळ्यांना कळलं. पाववालीचा चेहरा पांढराफटक. तिचे हात आदल्या दिवसापासूनच तापलेले. पीठ मळायला घेतलं तर कडेने भाजून निघालं.

सकाळी तपासनिसाचा माणूस वखारीत निरोप घेऊन आला. मुकादमाने सगळ्यात कोरडं पोतं काढलं, गाडीवर चढवलं, आणि थांबला. मग पोतं खाली घेऊन त्याने पिंपातलं पाणी त्यावर ओतलं. पुन्हा ओतलं. स्वतःच्या हाताने, खडान् खडा भिजेपर्यंत. बहीण दारातून पाहत होती. भावाच्या डोळ्यांत पाणी तिने बापाच्या मरणानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

भट्टीपुढे अर्धी गल्ली जमली होती. तपासनीस अगदी वाकून बघत होता. पाववालीने ढलप्या रचल्या, काटक्या रचल्या, आणि कोळशाला हात घातला. तळहाताखाली चर्र झालं, वाफ निघाली. कोळसा काही लाल झाला नाही. तिने चमकून मुकादमाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

तिने काडी ओढली. असा धूर उठला, की तपासनिसाच्या नाकाडोळ्यांतून पाणी यायला लागलं. आणि त्या धुरात उभी राहून, कुणी शिकवलेलं नसताना, ती बाई कडाडली:

"अहो मुकादम, हा कोळसा आहे की चिखल? पैसे मोजून घेते मी! माझं मळलेलं पीठ आता काय तुमच्या डोक्यावर थापू?"

"मी तर कधीची सांगतेय," शिंपीणबाई मागून म्हणाली. मग काय, जो तो सुरू झाला. तपासनीस डोळे पुसत म्हणाला, "लाज वाटत नाही? माणसांना असला माल देता?" मुकादम म्हणाला, "चुकलं साहेब." तपासनीस आपल्या माणसाला म्हणाला, "चल रे. जादूवाली असती तर हिला कोळशाचं काय पडलं असतं?"

गल्ली पांगली. पाववालीने दार लोटलं. मुकादमाचे हात पाण्याने गारठले होते, ते तिने आपल्या हातांत धरले. काही बोलायची गरज नव्हती, तरी त्या दिवशी तो बोलला. आयुष्यात एकदाच बोलला, पण मुद्द्याचं बोलला.

लग्नानंतरही दर आठवड्याला त्याने दारात पोतं उतरवलं की ती बाहेर यायची आणि चारचौघांत त्याला ओल्या कोळशावरून फैलावर घ्यायची. गिऱ्हाइकं तुटली, नाव गेलं, ते परत आलं नाही. कोळसा मात्र कोरडा ठणठणीत असायचा. तो मान खाली घालून ऐकून घ्यायचा, आणि मग खोकल्याच्या निमित्ताने तोंड फिरवायचा.