पडद्यावरून उतरलेल्या बाई

कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की बाई आधी उजेड कुठून येतोय ते बघायच्या. मग पाट असो की खुर्ची, ती जराशी सरकवून, डावा गाल खिडकीकडे येईल अशा बेतानं बसायच्या. आळीतल्या बायका म्हणत, बाईंना उकाडा सोसत नाही, वाऱ्याला बसतात बिचाऱ्या. खरं कारण मला माहीत होतं आणि ते मी कुणाला सांगणार नव्हतो.

मी तंबूच्या सिनेमात ऑपरेटर होतो. तुमच्यापैकी ज्यांनी ते तंबू पाहिलेत त्यांना सांगायला नको. खाली माती, मधे कनात, अलीकडे पुरुष, पलीकडे बायका आणि मागे धापा टाकणारं आमचं मशीन. दिवाळीनंतर गावोगाव फिरायचं आणि पावसाळा चिंचवडच्या खोलीत काढायचा. माझ्या खोलीच्या भिंतीला भिंत लावून बाईंच्या भावाचं घर होतं. भाऊ पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यात कारकून. घरात तो, त्याची बायको, एक मुलगी आणि ही विधवा बहीण. मुलगी तिला आत्या म्हणायची.

बाई पहिल्यांदा नळावर दिसल्या तेव्हा माझी बादली भरून वाहू लागली तरी मला कळलं नाही. हा चेहरा मी शंभरदा तरी पाहिला होता. आमच्याकडे त्यांचा एक जुना पौराणिक बोलपट होता. त्यात त्या देवी होऊन आल्या की गावाकडची माणसं मातीतच डोकं टेकवायची. मी हळूच विचारलं. त्यांनी घागर कमरेवर घेतली आणि म्हणाल्या, "ओळखलंत? मग आता विसरा."

"विसरा आता" हे त्यांचं पालुपद होतं. दूध नासलं, विसरा. कुणी टोचून बोललं, विसरा. पण माझ्यापाशी त्या हळूहळू बोलू लागल्या. मला वाटतं, चौथ्या रिळात कुठला प्रसंग येतो हे सांगू शकेल असा माणूस त्यांना आसपास दुसरा नव्हता. पेटीमास्तरांची ही मुलगी तेराव्या वर्षी मुक्या चित्रपटात उभी राहिली. बोलपट आले तेव्हा गळा होता म्हणून टिकली. मग दहा वर्षं अशी गेली की पुण्यात त्यांचा टांगा थांबला की रस्ता अडायचा, काडेपेटीवर त्यांचं चित्र असायचं. त्यातच मुलगी झाली. बाप कोण, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पुढे लढाईत फिल्म मिळेनाशी झाली, स्टुडिओला कुलूप लागलं, बाई भावाकडे आल्या. मुलगी तोवर भावाची म्हणूनच वाढत होती.

म्हणजे तुमच्या लक्षात आलं असेल. आत्या ही आई होती. मुलीलाही ते माहीत होतं. आणि बाई विधवा नव्हत्या, कारण त्यांचं लग्नच झालेलं नव्हतं. मोकळ्या गळ्याचा जाब द्यावा लागू नये म्हणून त्यांनी एक मेलेला नवरा तयार केला होता. त्याचं नाव काय ठेवलंत म्हणून मी एकदा विचारलं, तर हसून म्हणाल्या, "कुणी विचारलंच नाही अजून."

मुलीला महाळुंग्याचं स्थळ आलं. चांगलं बागायतदार घर, मुलगा देहूरोडच्या डेपोत नोकरीला. सासू मात्र कडक, देवाधर्माची. सिनेमातल्या बाईची पोर म्हटल्यावर ते घर दारात उभं राहिलं नसतं. लग्न पार पडलं. हळदीला, सप्तपदीला, ओटी भरताना बाई कुठंच नव्हत्या. विधवेनं पुढं यायचं नसतं. मी पानसुपारी मागायला मागच्या पडवीत गेलो, तर त्या एकट्या खाली बसून नारळ सोलत होत्या. मंडपातून मंगलाष्टकं ऐकू येत होती आणि त्यांचे ओठ त्याबरोबर हलत होते.

दुसऱ्या वर्षी आमचा तंबू महाळुंग्याजवळच्या चाकणला लागला आणि मालकानं नेमका तोच बोलपट मागवला. मी बाईंना सांगितलं. वाटलं, खूश होतील. दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्या एस.टी.नं चाकणला आल्या, कांद्याच्या बाजारातून वाट काढत तंबूत शिरल्या आणि म्हणाल्या, "ऑपरेटर, माझा चेहरा जिथं जिथं जवळून दिसतो तेवढं कापून टाका."

मी म्हटलं, बाई, आता तुम्हाला कोण ओळखणार?

"मला नाही ओळखणार. तिला ओळखतील. तेव्हाचं माझं तोंड आता पोरीच्या तोंडावर आहे."

खरं होतं ते. फिल्म तुटली की खराब तुकडा कापायचा आणि सोल्युशन लावून टोकं जोडायची, हे आमचं रोजचंच काम. पण धडधाकट फिल्मला कात्री लावणं म्हणजे नोकरीवर पाणी. तरी मी लावली. मुक्काम संपला की पुन्हा जोडू, असं ठरवलं. कनातीच्या फटीतून ऊन येत होतं. मी फिल्म हातावरून सोडत होतो आणि त्या उन्हात धरून सांगत होत्या, हे काढा, हेही काढा. एका ठिकाणी थांबल्या. म्हणाल्या, या रडण्यासाठी सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभी होते, डोळ्यांत औषध घालू दिलं नव्हतं मी. मग म्हणाल्या, "काढा." अकरा तुकडे झाले. मी ते डब्यात ठेवले. गाण्यांच्या चोपड्यांवर त्यांचा फोटो होता, ती मुखपृष्ठंही आम्ही दोघांनी बसून फाडली.

खेळ व्हायचा तसाच झाला. देवी यायची, तिची पाठ दिसायची, लांबून पदर दिसायचा आणि चेहरा यायच्या वेळी गचका बसून दुसरंच काही सुरू व्हायचं. लोक शिट्ट्या मारू लागले. बायकांच्या बाजूनं एक म्हातारी ओरडली की देवी काय तोंडाला काळं फासून आलीय का, दावा की तिला. मालकानं मला काय काय ऐकवलं ते इथं लिहिता येण्यासारखं नाही. मी मात्र मनात खूश होतो. महाळुंग्याच्या बैलगाड्या आल्या होत्या, त्यात ते घर होतं, आणि कुणाला काही कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासू बाजारात कांद्याचं रोप बघत असताना बाईंची मुलगी तंबूच्या मागच्या बाजूनं आली. पाचवा महिना होता. म्हणाली, "दादा, आत्याचा चेहरा कुठं गेला?"

मग कळलं ते असं. सासूनं विचारलं होतं, पोरी, डोहाळे कशाचे लागलेत? सुना चिंच सांगतात, कवठ सांगतात. हिनं सांगितलं, चाकणचा सिनेमा बघायचाय. आईचा सिनेमा तिनं जन्मात पाहिला नव्हता. घरात एक फोटोसुद्धा ठेवलेला नव्हता. सासूनं सुनेची हौस पुरवायला सगळं घर गाडीत घालून आणलं होतं आणि मी आदल्या दिवशी नेमकं तेच कापून ठेवलं होतं. आजही ते आठवलं की स्वतःच्या हातांचा राग येतो.

मी डबा उघडला आणि रडण्याच्या तुकड्यातून थोडा कापून तिला दिला. वीतभर पट्टी. ती तिनं सूर्याकडे धरली आणि किती तरी वेळ खाली घेतली नाही. मग घडी न पाडता पोलक्यात ठेवली. जाताना म्हणाली, आत्याला सांगू नका, ती घाबरेल. मी सांगितलं नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात मुलगी चिंचवडला आली. तंबू तेव्हा देहूरोडला होता आणि दिवसा मी घरी असायचो. भिंतीपलीकडून दोघींच्या हसण्याचा आवाज यायचा. फाल्गुनात दोन दिवस कळा देऊन मुलगी गेली. बाळही गेलं. सुईणीच्या हाताबाहेर गेल्यावर पुण्याला न्यायला टांगा आणला होता, तो तसाच दारात उभा होता.

महाळुंग्याची माणसं आली. मुलीला अंगणात निजवलं होतं. भावाच्या बायकोला धरून सगळ्या बायका रडत होत्या, कारण आई ती. बाई मागे, दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्याजवळ कुणी नव्हतं. आम्ही पुरुष रस्त्यावर तिरडीच्या कामट्या बांधत होतो. सवाष्ण गेलेली, म्हणून हिरवं लुगडं, कुंकू, ओटी, सगळं करायचं होतं. सासूनं कुंकवासाठी सुनेची फणेरपेटी मागितली आणि उघडली. करंड्याखालून तिनं ती पट्टी काढली.

त्या माउलीनं पट्टी उजेडाकडे धरली. बघितली. मग खाली सुनेच्या तोंडाकडे बघितलं. मग पुन्हा पट्टीकडे, आणि शेवटी मान वळवून चौकटीकडे.

ती उठली, बाईंच्या समोर जाऊन उभी राहिली. "तुमी व्हय तिची आई?"

बाईंच्या भावानं मान खाली घातली.

"मला सांगायचं व्हतं की वं. मी काय खाल्लं असतं तुमास्नी?" सासूचा आवाज फुटला. "चला. लेकीची वटी भरा."

"मला चालत नाही," बाई म्हणाल्या. तेव्हाही.

"आईला समदं चालतंय."

तिनं बाईंना दंडाला धरून अंगणात आणलं आणि सूप हातात दिलं. आळीतल्या बायका बाजूला सरल्या. पडद्यावर बाईंनी ओट्या किती भरल्या असतील, पण इथं ओंजळ मुलीच्या पदरापर्यंत जाईना, तांदूळ वाटेतच सांडायचे. सासूनं खालून आपले हात लावले आणि दोघींच्या ओंजळीनं ओटी भरली. ती पट्टी तिनं त्याच तांदळात ठेवून पदराला गाठ मारली.

पुढे दोन महिन्यांनी बाई चिंचवड सोडून गेल्या. कुठं, ते भावानं सांगितलं नाही. त्या दिवशी अंगणात त्या रडल्या की नाही, असं मला अजून कुणी कुणी विचारतं. मला माहीत नाही. पदराला गाठ बसल्यावर मी कामट्यांची दोरी बांधत खाली बघत होतो.