जपानात खपतंय म्हणून

ईदला तीन आठवडे असताना मी मस्कतच्या रुवी भागातल्या आमच्या दुकानासाठी तीस गेमिंग कन्सोल मागवले, आणि त्यातल्या एकालाही जपानीखेरीज दुसरी भाषा येत नव्हती.

मला कुणी फसवलं नव्हतं. दुबईच्या व्यापाऱ्याने व्हॉइस मेसेजमध्ये स्वच्छ सांगितलं होतं, "भाई, ये सिर्फ जापानवाला माल है, लँग्वेज चेंज नहीं होगा, वापस नहीं लूँगा, सोच के बोलो." पण मी सगळे मेसेज दुप्पट वेगाने ऐकतो. समोरचा 'सोच के' म्हणेपर्यंत माझं बोट पुढच्या मेसेजवर गेलेलं असतं. मी त्याला अंगठा पाठवला आणि मोकळा झालो.

मुळात एका जागी स्वस्थ बसणं माझ्या नशिबात नाही, आणि त्या रमजानमध्ये तर बसायला वावच नव्हता. आमच्या दुकानात पुढे मोबाइल आणि टीव्ही, आणि मागच्या कोपऱ्यात गेम. तो कोपरा माझा. रमजानच्या पहिल्याच आठवड्यात अर्बाब, म्हणजे आमचे ओमानी मालक, त्या कोपऱ्यात येऊन उभे राहिले, कपाटांवरून एक नजर फिरवली आणि म्हणाले, "ईदपर्यंत बघतो. नाही चाललं तर खलास, इथे अत्तरं लावणार. तू दुक्मला जा. कॅम्पातल्या दुकानात माणूस पाहिजे."

दुक्म म्हणजे मस्कतहून दिवसभराचा रस्ता, रिफायनरी, बंदर आणि कंत्राटावर येऊन कॅम्पात राहणारे पुरुष. आमचं बिऱ्हाड इकडे मस्कतमध्येच, अल् घुब्राला. बायको तिथल्याच शाळेत गणित शिकवते, त्यामुळे बिऱ्हाड हलायचा प्रश्नच नव्हता. हलणार मी एकटा. दुक्मला गेलेला एक शेजारी मला माहीत होता. तो महिन्याने घरी यायचा, पहिला दिवस झोपायचा आणि दुसऱ्या दिवशी परतीची बॅग भरायचा. त्याची मुलं त्याला पाहुण्यासारखं पाणी आणून द्यायची.

तर मला काहीतरी जबरदस्त करून दाखवायचं होतं, आणि जबरदस्त काय ते मला पक्कं माहीत होतं, कारण मी जपानचे आकडे वाचत होतो. लोक सिग्नलला क्रिकेटचा स्कोअर बघतात, मी जपानात या आठवड्यात कुठला कन्सोल किती खपला ते बघायचो. गिऱ्हाईक चार्जिंगची वायर मागायला आलं तरी त्याला थर्ड पार्टी समजावल्याशिवाय सोडायचो नाही. "कंपनी यंत्र बनवते," मी सांगायचो, "पण नुसत्या स्वतःच्या गेमवर ते किती दिवस चालणार? बाहेरच्या कंपन्या त्यावर गेम काढतात की नाही ते बघायचं. आणि जपानात बाहेरच्या कंपन्या कुठे जातायत? या हातातल्या कन्सोलकडे. टीव्हीखालचा मोठा डबा तिकडे कुणी विचारत नाही. आज जपान, उद्या ओमान." गिऱ्हाईक म्हणायचं, "इन्शाल्ला. वायर है क्या?"

त्याहून वाईट पुढेच आहे. तो कन्सोल जपानात इतका का खपतो, याचं एक कारण मीच लोकांना सांगत असे. तिथल्या लोकांसाठी कंपनीने फक्त जपानी भाषेतली स्वस्त आवृत्ती काढली होती. हे मला तोंडपाठ होतं. पण व्यापाऱ्याच्या यादीत तीच आवृत्ती इतक्या कमी भावात दिसली, तेव्हा डोक्याने परस्पर निकाल दिला, भाषा काय, सेटिंगमध्ये बदलते. आमच्याकडे प्रत्येक फोन अरबीत उघडतो आणि आम्ही तो कुणाला इंग्रजीत, कुणाला मल्याळीत, कुणाला बंगालीत करून देतो. पंधरा वर्षं हेच केलं. यंत्राने नाही म्हणावं, हे मला सुचलंच नाही.

खोकी आली त्या दुपारी मी पहिलं उघडलं. पडद्यावर जपानी अक्षरं. सेटिंगचं चाकाचं चित्र ओळखलं, आत गेलो, दिसेल ते दाबत राहिलो. भाषेची यादी कुठेच नव्हती. दुसरं खोकं उघडलं. मग तिसरं, जणू बाकीच्या अठ्ठावीसांपैकी एखाद्याने गुपचूप इंग्रजीचा क्लास लावला असेल.

घरी सांगितलं तेव्हा बायको उत्तरपत्रिका तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "तो मेसेज परत लावा. साध्या वेगाने."

लावला. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "अहो, यात न समजण्यासारखं काय होतं?"

"घाईत होतो."

"कुठे जायचं होतं?"

ती पुन्हा तपासायला लागली आणि मी बाल्कनीत, स्वयंपाकघरात, परत बाल्कनीत असा फिरत राहिलो. शेवटी ती म्हणाली, "बसा तरी. दुक्मला चालतच निघालात की काय?"

दुसऱ्या दिवसापासून मी युक्त्या सुरू केल्या. पुठ्ठ्यावर स्केचपेनने नकाशा काढला, वरून तिसरी ओळ म्हणजे आवाज, निळा चौकोन म्हणजे हो. एक ओमानी गृहस्थ मुलींसाठी फुटबॉलचा गेम बघायला आले. मी झोकात सुरू केला. मेनू जपानी, खेळाडूंची नावं जपानी, आणि सामना सुरू झाल्यावर समालोचकही जपानीत ओरडू लागला. गृहस्थ शांतपणे दोन मिनिटं ऐकत होते. मग विचारलं, "मॅच टोकियोत आहे?" मी पुठ्ठा पुढे केला. त्यांनी तो सुलटा धरून पाहिला, उलटा धरून पाहिला आणि पुढच्या काउंटरवरून एक इस्त्री घेऊन गेले.

अर्बाब दुकानात आले की मी खोक्यांसमोर उभा राहायचो. ते डावीकडे गेले की मी डावीकडे. एकदा ते म्हणाले, "पाय दुखतात का? सारखा नाचतोस."

ईदला नऊ दिवस राहिले असताना एक मुलगी आली. ओमानी, काळा अबाया, पाठीवर सॅक. विद्यापीठाचं शिक्षण नुकतंच संपवून नोकरी शोधत होती. ती आली होती हेडफोन घ्यायला. चालू ठेवलेल्या कन्सोलपाशी थांबली आणि पडद्यावरचं वाचायला लागली. मोठ्याने. मी पुठ्ठा घेऊन धावलो.

"हे काय?" तिने इंग्रजीत विचारलं.

"नकाशा."

तिने पाहिला. "अंकल, हे निळं म्हणजे 'हो' नाही, 'रद्द करा' आहे."

कार्टूनं बघता बघता ती जपानी शिकली होती, मग पुस्तकं आणून, मग चार वर्षं रोज. तिच्यासारखी बरीच मंडळी मस्कतमध्ये आहेत, हे तिच्याकडूनच कळलं. जपानातल्या छोट्या छोट्या कंपन्या या कन्सोलसाठी गेम काढतात, कादंबरीसारखे, वाचत वाचत खेळायचे, आणि त्यातले कितीतरी कधीच इंग्रजीत येत नाहीत. ते तिकडच्या ऑनलाइन दुकानातून घ्यायचे तर खातं जपानचं लागतं, आणि या यंत्रावर नेमकं तेच चालतं. ती भराभर सांगत होती आणि मी मान डोलावत होतो, जणू हे सगळं ठरवूनच मागवलं होतं.

"म्हणजे थर्ड पार्टी सपोर्ट," मी म्हणालो.

"हो, तेच. तुम्हाला यातला कुठला आवडतो?"

मी तीन नावं सांगितली, जपानच्या खपाच्या यादीत वर होती ती.

"खेळलात?"

"आकडे चांगले आहेत."

हेडफोन राहिले, ती कन्सोल घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी चार मैत्रिणी घेऊन आली, तिसऱ्या दिवशी कुणाचे भाऊ, कुणाच्या वहिनी. दुकानातच ती त्यांना खाती उघडून द्यायची, कुठल्या गेमची भाषा सोपी ते सांगायची. मी मध्ये मध्ये जपानच्या बाजारपेठेवर बोलायचो. तिथे जमलेली माणसं अदबीने थांबायची आणि मी संपवलं की पुन्हा तिला विचारायची. माझा पुठ्ठा तिने मागच्या बाजूने वापरला, त्यावर अरबीत आणि जपानीत सुवाच्य अक्षरात गेमची यादी लिहिली.

ईदच्या आदल्या दिवशी कोपऱ्यात एकच खोकं उरलं होतं, तेही कुणीतरी नावाने बाजूला ठेवायला सांगितलेलं. अर्बाब आले. मी पहिल्यांदाच बाजूला सरून उभा राहिलो. त्यांनी रिकामं कपाट पाहिलं, गर्दी पाहिली, त्या मुलीला काहीतरी समजावताना बराच वेळ ऐकलं. मग तिच्याशी अरबीत बोलले. ती हसली. मान हलवून हो म्हणाली.

मी घरी फोन लावला. "राहिला कोपरा," मी म्हणालो. बायको म्हणाली, "त्यांनी सांगितलं, की तुम्हीच ठरवलंत?" मी म्हटलं, थांब, आता विचारतो.

अर्बाब गल्ल्यापाशी उभे होते. मी जाऊन म्हणालो, "अर्बाब, कोपरा चालला."

"चालला," ते म्हणाले. "अत्तर नको. कोपरा राहील. ईदनंतर ही मुलगी बघेल."

"आणि मी?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाजात राग अजिबात नव्हता, उलट बरीच माया होती.

"तू दुक्मला. ती वाचते, तू नुसता बोलतोस. तिथे कॅम्पात दिवसभर कोणी नसतं, बोललास तरी माझं नुकसान नाही."