पिशवीतलं मोकळं तांबं

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. सुमनचं नाव निघालं की मी गप्प होतो, तो बायकोला माझा स्वभाव वाटतो. स्वभाव कसला — भीती आहे ती.

सुमन आणि मी मुंबईत एकाच प्रयोगशाळेत होतो. ती काशीदची, मी अलिबागचा. शनिवारी मांडव्याच्या बोटीने बरोबरच घरी यायचो. मला दादा म्हणायची. कर्करोगावर औषध शोधत होतो आम्ही — म्हणजे झाडासारख्या फांद्या फुटत गेलेले रेणू बनवायचे, डेंड्रिमर म्हणतात त्यांना, आणि त्या फांद्यांवर तांबं बसवायचं. ते रोगट पेशी मारेल, ही आशा.

माझ्या रेणूने मारल्या. भराभर मारल्या! शोधनिबंध छापून आला, आमच्या मार्गदर्शक सरांनी पेढे वाटले, आणि सुमनची सगळी पीएचडी त्याच रेणूवर ठरली. पण तिने बनवलेल्या रेणूने पेशी काही मरेनात.

का? सांगतो — इथेच तर अडतं माझं. रेणू तयार झाला की तो बारीक छिद्रांच्या पातळ पिशवीत भरून पाण्यात ठेवायचा आणि पाणी बदलत राहायचं. फांदीला न चिकटलेलं, मोकळं तांबं त्या पाण्यात निघून जातं. कंटाळवाणं काम. मी नारळी पौर्णिमेला घरी पळायच्या घाईत पिशवी लवकर काढली होती. निबंधात मात्र 'पूर्ण धुतला' असंच लिहिलं. सुमन पाण्यातला तांब्याचा निळेपणा गेल्यावरही पाणी बदलत राहायची.

तिच्या नकळत मी एकदा माझा रेणू नीट धुऊन पाहिला. माझ्याही पेशी जगल्या. म्हणजे मारत होतं ते मोकळं तांबं — जे चांगल्या पेशींनाही सोडत नाही. औषध नव्हतंच ते. घोडं कुठे पेंड खातंय ते मला कळलं होतं. मग बोललो का? नोकरीची मुलाखत तोंडावर होती. मूग गिळून बसलो.

सर तिला सगळ्यांदेखत म्हणायचे, रेणू चांगला आहे, तुझे हात वाईट आहेत. मी ऐकायचो. काशीदच्या बौद्धवाडीत चौदा एप्रिलला तिचा सत्कारही होऊन गेलेला — डॉक्टर व्हायच्या आधीच, तिच्या वडिलांना धीर कुठला! एकदा बोटीच्या कठड्याशी उभी राहून ती म्हणाली, "दादा, माझ्या हातालाच यश न्हाय बघ." मी काय म्हणालो असेन? — धीर धर, म्हणालो. केसाने गळा कापणं म्हणजे आणखी काय असतं? दगा ज्याला कळतो तो निदान चिडतो तरी. तिला कळलाच नाही. ती स्वतःवरच चिडत राहिली. शेवटी तिने पीएचडी सोडली.

आता ती शाळेत शिकवते. यंदा विज्ञान दिनाला तिने मला बोलावलं. मुलांना म्हणाली, "हे माझे दादा. प्रयोगाला हात लागतो. तो यांच्याकडे होता, माझ्याकडे नव्हता." हसत म्हणाली. मग मला नारळ दिला. मी तो घेतला, आणि भाषणही केलं.

तिचे हात बरोबर होते. हे मला बोटीवरही ठाऊक होतं, आणि नारळ घेतानाही.