मागच्या बराकीचे दात

ब्रशचे दांडे कापायचं काम माझ्याकडे होतं. तुरुंगात पुरा दांडा आत जाऊ देत नाहीत, कारण फरशीवर घासून घासून त्याला टोक काढता येतं. म्हणून नवे ब्रश आले की मी दवाखान्याच्या मागच्या पायरीवर बसायचो, करवतीने एकेकाचा दांडा उडवायचो आणि उरलेलं बोटभर थोटूक कानशीने गुळगुळीत करायचो. आमच्या दातांच्या डॉक्टर मॅडम येता-जाता म्हणायच्या, "काका, कडा नीट घासा हं. गालाला टोचेल कुणाच्या."

"मॅडम, इथे माणसांनी माणसं मारलीत. आणि तुम्ही त्यांच्या गालाची काळजी करताय."

"गाल त्यांचाच असतो ना पण," त्या म्हणायच्या आणि आत जायच्या. त्यांच्याशी वाद घालून मला कधी यश आलं नाही.

मी तुरुंगाच्या दवाखान्यातला मदतनीस. तोंडाचा फटकळ आहे, हे माझी बायकोच नाही तर अधीक्षकसाहेबसुद्धा सांगतील. मॅडमच्या आधी दातांचे जे डॉक्टर यायचे त्यांना कैदी 'पक्कड' म्हणायचे. दुखतोय? उपटा. हलतोय? उपटा. किडलाय? मग काय विचारता! बिचाऱ्यांचा दोष नव्हता. क्वचित कधीतरी यायचे, बाहेर रांग, हातात भूल द्यायचं इंजेक्शन आणि पक्कड, याशिवाय दुसरं काही सामान नाही. रांगेतली तरणी पोरंसुद्धा पुढच्या फेरीपर्यंत ठणका सोसण्यापेक्षा दात देऊन मोकळी व्हायची. तिशीतली माणसं म्हाताऱ्यासारखी हिरड्यांनी भाकरी चघळताना मी रोज बघत होतो, आणि खरं सांगतो, मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

मॅडमना वाटत होतं. त्याला कारण त्यांचा मामा. लहानपणी हा मामा त्यांना शीळ घालून बोलवायचा. कोपऱ्यावर वळला की शीळ, आणि ही पोर फ्रॉक सावरत धावत सुटायची. पुढे कसल्याशा मारामारीत तो आत गेला. काही वर्षांनी सुटून आला तेव्हा पुढचा एकही दात नव्हता. अंगणात उभं राहून त्याने शीळ घालून बघितली, नुसती हवा गेली. "मग तो परत कधी कोपऱ्यावरून वळलाच नाही काका, मागच्या गल्लीने यायचा," असं मॅडमनी मला सांगितलं होतं, खुर्चीचा पाय पुसता पुसता. एवढ्यावरून माणूस आयुष्याची दिशा ठरवतो याचा मला राग यायचा. नवराही दातांचाच डॉक्टर, भर बाजारात दवाखाना, थंड हवेच्या खोलीत दोन खुर्च्या. एका खुर्चीवर आपली बायको बसेल म्हणून तो वाट बघत होता, आणि ही बाई आमच्याकडे येऊन फिनेलच्या वासात डबा खायची.

त्यांनी दातांच्या कॉलेजातून एक संशोधन मंजूर करून आणलं. मला त्यांनी ते समजावलं तेव्हा मी भडकलोच. आमच्याकडे दोन मोठ्या बराकी, पुढची आणि मागची. पुढच्या बराकीला दर आठवड्याला तपासणी, कीड लहान असतानाच भरणं, चांगली पेस्ट, महिन्याला नवा ब्रश, आणि घासायचं कसं याचा धडा. मागच्या बराकीला पूर्वीचंच.

"म्हणजे अर्ध्यांना सगळं आणि अर्ध्यांना ठेंगा?"

"ठणका लागला तर मागच्यांनाही बघणारच आहोत, काका. पण बाकीचं द्यायचं नाही. दीड वर्षाने दोन्हीकडचे दात मोजायचे. फरक दिसला तर वरचे लोक मानतील. मग ही खुर्ची दोन्ही बराकींना कायमची. इतर तुरुंगांतही."

"आणि नाही दिसला तर?"

"तर पक्कड," त्या म्हणाल्या.

तिथून पुढे मी दांडे कापताना कुरकुर केली नाही. म्हणजे केली, पण कामात कसूर केली नाही.

पुढच्या बराकीत 'मास्तर' म्हणून एक कैदी होता. पूर्वी खरंच शाळामास्तर. काय करून बसला होता ते मी इथे उगाळत बसत नाही. त्याने ते नाकारलंही नाही कधी. आत आल्यावर त्याच्याकडे वाचनालयाचं काम आलं. पुस्तकांची ढकलगाडी घेऊन तो दोन्ही बराकींत फिरायचा आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचा. चांगल्या वर्तणुकीची सूट साठवत साठवत सुटका जवळ आणली होती त्याने. त्याला एक मुलगी, तीही आता शिक्षिका. त्याचे वरचे पुढचे दात कडेने किडायला लागले होते. मॅडमनी ते बसून बसून भरले. मास्तर आरशात बघून म्हणाला, "आता 'स' नीट येतो मॅडम. शिक्षकाचा 'स' गेला तर पोरं हसतात हो."

मॅडमचा धडा एकाच वाक्याचा होता: "दात घासायचे नाहीत, कुरवाळायचे." हिरडीपासून सुरू करून छोटे छोटे गोल. आडदांड माणसं आरशासमोर उभी राहून ते वाक्य पुटपुटत ब्रश फिरवायची तेव्हा मला हसू आवरत नसे. पण हिरड्यांतलं रक्त थांबलं, हे मीही बघितलं. रांगेत पूर्वी गाल धरून उभी असलेली माणसं आता गप्पा मारत उभी राहायची. एकाने तर मला विचारलं, "काका, तुमची ती मागची दाढ दाखवून घ्या की मॅडमना." मी त्याला झापलं आणि संध्याकाळी दाखवून घेतली.

दीड वर्ष झालं. मोजणी मॅडमनी स्वतः करायची नाही असा नियम होता, म्हणून कॉलेजातून एक प्राध्यापक आले. कोण कुठल्या बराकीतला हे त्यांना सांगायचं नव्हतं. ते आपले एकेक तोंड उघडून बघत होते, मी दिवा धरत होतो. मॅडम बाहेरच्या बाकावर बसून होत्या, लग्नाच्या मुलीच्या बापासारख्या.

आकडे आले तेव्हा मॅडमचा चेहरा उतरला. सुधारणा होती, पण ती दोन्हीकडे होती. पुढची बराक आणि मागची बराक यांत नावालाही फरक नाही.

"असं होऊच शकत नाही," त्या म्हणाल्या. "मागच्यांना आपण काहीच दिलं नाही."

दोन दिवसांनी मागच्या बराकीतला एक दांडगा गडी दाढेचा ठणका घेऊन आला. खुर्चीत टेकून त्याने आ केला आणि मॅडम बघतच राहिल्या. एक ती दाढ सोडली तर तोंड स्वच्छ. हिरड्या गुलाबी.

"कशाने घासता तुम्ही?"

"घासत नाही मॅडम," तो मोठ्या ऐटीत म्हणाला, "कुरवाळतो."

मॅडमच्या हातातला आरसा तसाच राहिला. त्यांनी दाढ बघितली, औषध भरलं, आणि तो गेल्यावर मला म्हणाल्या, "काका, मास्तरांना बोलवा."

मास्तर आला तो हसतच. बक्षीस मिळणाऱ्या पोरासारखा उभा राहिला. त्याने सगळं सांगून टाकलं. ढकलगाडीतल्या पुस्तकांच्या पानांत पेस्टच्या पुड्या. पुढच्यांना नवे ब्रश मिळाले की जुने उकळून मागच्यांना. तो दर फेरीला वाचून झाल्यावर मागच्या बराकीला तिथेच धडा द्यायचा. पुढच्या बराकीतल्या सगळ्यांनी आपापल्या पेस्टमधला वाटा काढून ठेवायचा, असं ठरलं होतं, आणि कुणी म्हणता कुणी चुकला नव्हता. तुम्हाला सांगतो, आमच्याकडे ही माणसं साबणाच्या तुकड्यावरून एकमेकांची डोकी फोडतात.

"आम्हाला कळलं होतं मॅडम, तुमची परीक्षा आहे," मास्तर म्हणाला. "म्हटलं, फक्त अर्धा वर्ग पास झाला तर बाईंचं नाव कसं निघणार? मागच्या बाकावरची पोरंपण पास व्हायला हवीत. म्हणून तुम्हाला सांगितलं नाही. म्हटलं, निकालालाच कळू दे."

त्याला काय सांगणार? मी तोंड उघडलं होतं, मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मी मिटलं.

"छान केलंत मास्तर," त्या म्हणाल्या. "फार छान शिकवलंत."

तो गेल्यावर मी उसळलो. "लिहा ना सगळं! लिहा की मागच्यांना चोरून मिळत होतं, म्हणूनच त्यांचे दात सुधारले! उलट याहून मोठा पुरावा कुठला? कैदी कैद्याला शिकवतो, फुकटात!"

"आणि कुणी दिलं म्हणून विचारतील तेव्हा?"

एका बराकीतून दुसऱ्या बराकीत चोरून वस्तू नेणं म्हणजे काय, ते मला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. आज पेस्ट गेली, उद्या पातं जाईल, असंच धरतात. मास्तरची सगळी सूट एका सहीने गेली असती. वाचनालयही गेलं असतं.

"नाव न घालता लिहा."

"ढकलगाडी एकच आहे, काका."

वरच्या लोकांची बैठक अधीक्षकसाहेबांच्या खोलीत झाली. मी चहा घेऊन आत होतो. साहेब माणूस वाईट नाही. त्यांनी मॅडमना सोडवायचा प्रयत्नच केला. "मागच्या बराकीला तुम्ही काही दिलं होतं का? दिलं असेल तर सांगा, तशी नोंद करू."

"नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग तेही कसे सुधारले?"

मॅडम खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हेत. खुर्ची दुरुस्त करणाऱ्या माणसालासुद्धा, तुम्ही हा स्क्रू आधी सैल ठेवला होता, असं तोंडावर सांगणाऱ्या. त्यांनी कप बशीत ठेवला. "माहीत नाही," म्हणाल्या.

समितीतल्या एकाने चष्मा काढून पुसला. मधल्या काळात पाण्याची नवी टाकी बसली होती, जेवण सुधारलं होतं, त्यामुळे असेल, असा त्याने तर्क काढला. सगळ्यांना तो पटला. म्हणजे दर आठवड्याच्या खुर्चीची गरजच नव्हती तर! मला ती किटली त्या टेबलावर उपडी करावीशी वाटली. मी सगळ्यांना अजून थोडा थोडा चहा दिला.

महिना संपला तशी खुर्चीवर चादर पडली. मॅडम आपली हत्यारं बॅगेत भरून फाटकाबाहेर गेल्या. जाताना त्यांनी उरलेले ब्रश मला दिले. मी ते कापून, गुळगुळीत करून दोन्ही बराकींत वाटले. ते किती दिवस पुरणार?

पुन्हा कधीतरी येणारे डॉक्टर यायला लागले. हे नवे होते, तरुण, घाईचे. कैद्यांनी नाव मात्र जुनंच दिलं. पेस्ट बंद झाली तसे आधी मागच्या बराकीत गाल सुजले, मग पुढच्या. मास्तर त्यांना बोटाने घासायला शिकवत होता. "कुरवाळायचंच आहे ना, मग बोट चालतं," म्हणत होता.

पावसाळा सरता सरता मास्तरच दिव्याखाली आला. वरचा ओठ सुजून नाकाला टेकलेला. मॅडमनी भरलेल्या दाताच्या मुळाशी पू झाला होता, शेजारचाही हलत होता. मुळातून साफ करून ते दात ठेवता येतात. मी ते मॅडमच्या हातून होताना बघितलंय. नव्या डॉक्टरांनाही येत असेल. पण त्यासाठी चार फेऱ्या लागतात आणि त्यांची पुढची फेरी कधी, हे त्यांनाच माहीत नव्हतं. मी एकदा म्हणून बघितलं, "साहेब, पुढचे आहेत." ते म्हणाले, "काका, रांग बघा बाहेर." रांग खरोखरच मोठी होती.

दोन्ही दात ट्रेमध्ये पडले. मास्तर कापूस चावून बसला. सुटकेला थोडेच दिवस राहिले होते. रक्त थांबल्यावर त्याने बोलून बघितलं. जिथे 'स' होता तिथून हवा गेली. त्याने पुन्हा बघितलं, आणि मग नाही बघितलं.

"मॅडमना कळवू नका," त्याने हाताने तोंड झाकून सांगितलं. "त्यांना वाटेल, मी हलगर्जीपणा केला."

मास्तर सुटून गेल्यावर एका सुटीच्या दिवशी मी मॅडमच्या घरी गेलो. त्या आता नवऱ्याच्या दवाखान्यात दुसऱ्या खुर्चीवर बसतात. त्यांच्या सासूबाईंनी दार उघडलं, कवळी वाटीत काढून ठेवलेली, त्यामुळे मला ओळखूनही त्या फक्त मान हलवत राहिल्या. मॅडमनी चहा केला. तुरुंगाचं काही विचारलं नाही. माझ्या दाढेचं विचारलं, बायकोच्या गुडघ्याचं विचारलं. त्या बारीक झाल्या होत्या. उठता उठता मात्र त्यांनी विचारलंच.

"मास्तर सुटले?"

"सुटले. मुलगी आली होती न्यायला."

"आणि दात?"

त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. सगळं गमावून त्यांनी एक माणूस वाचवला होता, आणि तेवढंच त्यांच्याकडे उरलं होतं. मी आयुष्यभर लोकांना तोंडावर खरं सांगत आलो.

"एकदम शाबूत," मी म्हटलं. "फाटकापासून मुलीला हाक मारली त्यांनी, अगदी स्वच्छ."

"मग झालं," मॅडम म्हणाल्या आणि माझा कप उचलून आत गेल्या.