जुहीच्या घुगऱ्या

त्या श्रावणात मी महादेवाशी अबोला धरला होता. लग्न होऊन किरनापूरजवळच्या या गावात आले, तेव्हापासून सोमवारचं पाणी कधी चुकवलं नव्हतं. पण त्या वर्षी लोटा उचलावासाच वाटेना. देवळासमोरून जाताना तोंडातल्या तोंडात म्हणायची, "तुले काय कमी पडलं होतं रे बाबा, तं आमचंच लेकरू नेलं?" माझी सून पहिलटकरीण. मुलगी झाली, पाचवी पुजली, आणि बारशाच्या आधीच ती गेली.

गाव वाईट नाही हो. सगळी येऊन बसून गेली, आमची चूल पेटली नाही तेव्हा शेजारून भाकरी आल्या. पण बारसं न झालेल्या लेकराचं दुःख कसं करायचं, हे आमच्यात कुणाला ठाऊकच नाही. त्याला ना सुतक, ना तेरवी. उलट म्हणतात, नाव काढू नका, जीव घुटमळतो, पुढे कूस उजवत नाही. मायेनंच म्हणतात. मीही मायेनंच झबली-टोपरी माळ्यावर टाकली. सून मात्र गप्प होत गेली. बालाघाटात वाढलेली, दिवसभर हिंदीत टकळी चालवणारी पोर ती! आता काही विचारलं तर नुसती मान हलवायची, आणि जेवण दोन घासांवर आलेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, कुणी बाहेरचं आहे म्हणून लिंबू उतरवलं. मला रात्रंदिवस एकच धास्ती, ही पोरगीही हातची जाते की काय.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे मारबत काढतात. इथले हिंदी बोलणारे तिला नारबोद म्हणतात. पळसाच्या फांद्यांची बाई करायची, वाजतगाजत गावाच्या शिवेवर नेऊन टाकायची, आणि सगळ्यांनी ओरडायचं, "खासी-खोकला, रोगराई घेऊन जा गे मारबत!" टाकली की माघारी फिरायचं, अन् मागे वळून पाहायचं नाही. पाहिलं तर पीडा पाठोपाठ घरी येते. मी सुनेला हाताला धरून नेलं. सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून, घसा बसेस्तोवर ओरडून, मी मारबतीला तिचं दुःख घेऊन जायला सांगितलं.

मग सगळे शिस्तीत परतलो. कुणीच मागे पाहिलं नाही, म्हणून सून तिथेच राहिल्याचं कुणाला कळलंच नाही. अंगणात पाय धुवायला पाणी घेतलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं. शिवेला लागून बोडी आहे. लहानसा तलावच तो, पण त्या दिवसांत काठोकाठ भरलेला असतो. कसली पीडा अन् कसलं काय! पदर खोचला आणि आल्या वाटेनं पळत सुटले. देवाशी बोलायचं नाही हे साफ विसरून ओरडत होते, "म्हादेवा, हिले नको नेऊ रे, मले ने!"

सून मारबतीपाशीच बसली होती. सोबत एक अनोळखी बाई, पलीकडच्या गावची असावी. गवताचा भारा खाली टाकलेला, विळा बाजूला ठेवलेला. तिनं पोरीचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि पोरगी हमसून हमसून रडत होती. मी धापा टाकत उभी राहिले. पोरीनं तिला किती सांगितलं होतं कोण जाणे, पण त्या बाईनं तिला अगदी साधं विचारलं, "नाव काय ठेवलं होतं, माय?"

"जुही," सून म्हणाली.

कितीतरी दिवसांनी मी तो आवाज ऐकला. आणि मग ती थांबेचना. "उसके कान ना, माझ्या बाबांसारखे होते. दूध पिताना एक डोळा उघडाच ठेवायची, बदमाश!" बाई नुसती "हौ, हौ" म्हणत ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "माही बी एक गेलती. तिचं नाव पुसाले कोणी आलंच नाही. म्हणून मी पुसते."

जाताना भारा तिच्या डोक्यावर द्यायला मी हात लावला, पण नाव-गाव विचारायचं भानच राहिलं नाही. ती देव होती असं मी म्हणत नाही. बाईच होती, अंगाला घामाचा अन् ओल्या गवताचा वास येत होता. पण मी जे गावाबाहेर फेकायला गेले होते, ते तिनं मांडीवर घेतलं. तिला तिथे कुणी धाडलं, याचा हिशोब मी मांडत बसत नाही. उपकार मात्र तिचे अन् म्हादेवाचे, दोघांचेही मानते.

संध्याकाळी मुलगा भरवेलीच्या मँगनीजच्या खदानीतलं काम आटोपून आला. सून त्याला म्हणाली, "आज मैंने जुही का नाम लिया." तो ओट्यावर तिच्याजवळ बसला. "मी तं रोजच घेतो," म्हणाला. "खाली खदानीत. तिथं कोणी ऐकत नाही."

त्या बोलण्यानं मला जे रडू कोसळलं, ते आवरता आवरेना. तिघं एका घरात, दुःख एकच, आणि तिघंही ते एकमेकांपासून लपवत होतो!

त्याच आठवड्यात मी घुगऱ्या शिजवल्या, बारशाला वाटतात तशा. पहिली वाटी देवापुढे ठेवली. म्हटलं, "बाबा, पोर तुह्या हवाली आहे, सांभाळ. नाव तेवढं आमच्यापाशी राहू दे." आणखी काही मागितलं नाही. हवाली करायचं म्हणजे विसरायचं नव्हे, एवढंच मला उमगलं होतं. मग सुनेला घेऊन घरोघर निघाले.

"काहून वो, आज काय आहे?" बाया विचारायच्या.

"आमच्या जुहीचं बारसं," मी सांगायची.

एक-दोघी चपापल्या. एकीनं वाटी घेतली आणि तशीच आत गेली. समोरच्या घरची म्हातारी मात्र वाटी धरून दारातच उभी राहिली. मग सुनेकडे पाहत म्हणाली, "बस ना वो इथं. कोणावर गेलती पोरगी?"

सून तिच्या ओट्यावर टेकली आणि सांगू लागली.