एका आवाजाचे दोन नंबर

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा फॅक्टरीत फिटर, आई सातवी शिकलेली. संगणकशास्त्रात पीएचडी म्हणजे मी नेमकं काय करते, हे दोघांना नीट सांगता यायचं नाही. जबलपूरच्या घरांत बोलतात ती हिंदीमिश्रित मराठी संगणकाने ऐकून लिहावी, एवढं मात्र आईला कळलं आणि तिने ते काम अंगावर घेतलं. फॅक्टरीच्या क्वार्टर्सपासून मदन महलपर्यंत ती मला ओळखीच्या घरी नेई. मी दिलेली वाक्यं लोक माझ्या मोबाइलपुढे वाचत.

आमच्या लोकांना स्वतःचं वाचन कधी पसंत पडत नाही. पोहे संपेपर्यंत कुणीतरी म्हणायचंच, माझं बरोबर नाही झालं, पुन्हा घे. काहींनी तर पुढच्या आठवड्यात मुद्दाम बोलावलं. इतक्या मनापासून वाचलेलं पुसवत नसे, म्हणून दुसऱ्या वाचनाला मी नवा नंबर देई. नियमाप्रमाणे नावं कुठेच लिहिली नव्हती; एक नंबर म्हणजे एक आवाज, एवढंच.

यंत्राला काही आवाजांवर शिकवायचं आणि त्याने कधीच न ऐकलेल्या आवाजांवर त्याची परीक्षा घ्यायची, अशी पद्धत. निकाल फार चांगला आला. माझ्या मार्गदर्शक मॅडम खूश झाल्या, लेख परिषदेला गेला. प्रगतीच्या सेमिनारला दहा दिवस उरले असताना मी ऐकवायला नमुना शोधत होते. परीक्षेतल्या एका फाइलमध्ये मागे भिंतीवरचं घड्याळ घरघरत वाजलं. तीच घरघर शिकवण्याच्या एका फाइलमध्येही होती. वाचणारी बाईही तीच.

दोन नंबरांमुळे एकच माणूस दोन्हीकडे गेला होता, म्हणजे यंत्राची परीक्षा ओळखीच्याच आवाजांवर झाली होती.

दोन दिवस मी लायब्ररीत बसत होते, उठत होते, परत बसत होते. डबा तसाच घरी येई. बोलले तर लेख हातचा जाणार, कदाचित तीन वर्षांचं कामही. नाही बोलले तर कुणाला कधी कळलंही नसतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मॅडमच्या खोलीत गेले आणि उभ्यानेच सगळं सांगितलं.

त्यांनी एकच विचारलं, "किसी ने पकड़ा, या तुमने?"

"मैंने ही, मैडम."

"तो जाओ, गिनो कितने हैं."

नावं नव्हती, मग मोजायचं कसं? घरी आईच्या कानांवर हेडफोन चढवले. ती प्रत्येक घरी माझ्याबरोबर होती. दोन वाक्यं ऐकली की जोडी लावायची. "हे तीच होय. तवा सर्दी झाली होती तिले." माझे डोळे भरलेले पाहून म्हणाली, "काहून रडून राहिली? लोकायनं तं प्रेमानंच वाचलं."

जोडीतले दोन्ही नंबर एकाच बाजूला ठेवून यंत्राला पुन्हा शिकवलं, परीक्षा पुन्हा घेतली. इतरांच्या आधीच्या पद्धतींपेक्षा आमचं यंत्र जेमतेम बरं ठरलं. लेख मागे घेतल्याची मेल मी स्वतः लिहिली. सेमिनारमध्ये आधी चूक सांगितली, मग खरा निकाल. बोलताना स्लाइड बदलायचं बटण दोनदा चुकलं. समितीने लिहिलं, काम समाधानकारक नाही, सहा महिन्यांनी पुन्हा सादर करावं.

मॅडमनी त्याखाली सही केली आणि सोमवारी नव्या वाक्यांची यादी घेऊन यायला सांगितलं. म्हणजे त्या माझी साथ सोडणार नव्हत्या. मी यादी रविवारीच करून ठेवली.